कान टोचल्यानंतरचे सहा आठवडे



पावसाळा सरला, शेतातले धान्य घरात आले की सातपुड्याच्या पाड्यांवर कान टोचण्याचे दिवस सुरू होतात. ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघणारी कुटुंबे निघण्याआधी हे काम उरकून घेतात. मागे राहिलेली होळीकडे डोळे लावून असतात, कारण होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात चांदी घ्यायची असते आणि तोवर पोरींचे कान तयार हवे असतात. दवाखान्याच्या ओसरीवर मग कान सुजलेली मुले दिसू लागतात. कुणाचा कान लाल, कुणाच्या बाळीभोवती पिवळी खपली, कुणाला रात्रभर ताप. या अंकात आरोग्याच्या पानावर हाच विषय घेण्याचे कारण एवढेच, की यातला बहुतेक त्रास सुईमुळे होत नाही. तो नंतरच्या दिवसांत होतो, आणि तो टाळायला मीठ, साबण आणि थोडा धीर यांपलीकडे फारसे काही लागत नाही.

एक प्रश्न आधीच मोकळा करते. आपल्या मंडळीतले काही वडीलधारे विचारतात, बाप्तिस्मा झालेल्या घरात कान-नाक टोचणे हवेच कशाला? मला याचे उत्तर पवित्र शास्त्रातच सापडते. उत्पत्तीच्या २४व्या अध्यायात अब्राहामाचा सेवक रिबकेला नथ देतो. निर्गमच्या ३२व्या अध्यायात कानातल्या सोन्याचे वासरू होते, आणि ३५व्या अध्यायात तसेच दागिने लोक निवासमंडपासाठी आनंदाने आणून देतात. दागिना एकच, उपयोग दोन. तेव्हा ज्याला नको त्याने टोचू नये, पण ज्या आईला आपल्या लेकीचे कान टोचायचे आहेत तिला आपण अपराधी वाटायला लावू नये. यामागे व्यवहाराचीही गोष्ट आहे. ओरडा बसेल या भीतीने आई मुलीला बाजारात नेते, टोचून आणते, ओढणीखाली कान झाकते आणि पू वाहू लागेपर्यंत कुणाला दाखवत नाही. उशीर होतो तो इथे.

आता जखम कशी भरते ते पाहू, कारण एकदा ते कळले की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतात.

कापलेले बोट भरते तेव्हा दोन कडा एकमेकींना चिकटतात. टोचलेला कान तसा भरत नाही, आपल्याला तसा भरायला नकोही असतो. तिथे तारेभोवती एक बारीक बोगदा तयार व्हायचा असतो. कानाच्या पुढून आणि मागून, दोन्ही तोंडांकडून नवी कातडी आत सरकत जाते आणि मध्यावर मिळते. म्हणून बाहेरची कड आठ-दहा दिवसांत कोरडी दिसली तरी आतली जखम अजून ओलीच असते. कानाच्या मऊ पाळीला हे काम पुरे करायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. नाकपुडीला दोन ते चार महिने, कधी त्याहून जास्त. कानाच्या वरच्या कडक भागाला सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत. बाहेरून बरे दिसले म्हणून पंधराव्या दिवशी तार काढून जड डूल घातले, की आतली कोवळी कातडी फाटते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

या दिवसांत भोकातून पातळ, पांढरट-पिवळसर पाणी येते आणि वाळून तारेवर त्याची खपली धरते. तो पू नाही, जखम भरण्याचाच तो भाग आहे. थोडी लाली, थोडी सूज, हात लागला तर दुखणे हेही पहिले काही दिवस चालायचेच. हे न कळल्यामुळे घाबरून त्यावर नाही नाही ते लावले जाते आणि साध्या जखमेची खरीखुरी पिकलेली जखम होते.

यातली सर्वांत गंभीर गोष्ट तान्ह्या बाळांची आहे. आपल्याकडे बाराव्या दिवशी, बारशाच्या सुमारास बाळाचे कान टोचण्याची रीत पुष्कळ समाजांत आहे. बाराव्या दिवशी बाळाची नाळ कुठे नुकती पडलेली असते किंवा पडायची असते. धनुर्वाताचा जंतू मातीत आणि गुराढोरांच्या शेणात वर्षानुवर्षे टिकतो, आणि मातीच्या, शेणाने सारवलेल्या, गोठ्याला लागून असलेल्या घरात तो नाही असे मानून चालत नाही. त्याविरुद्धचे बाळाचे पहिले स्वतःचे इंजेक्शन, पेंटाव्हॅलंट, मिळते दीड महिन्याला. दुसरे अडीच महिन्यांना, तिसरे साडेतीन महिन्यांना. तोपर्यंत बाळाकडे असते ती फक्त आईने गरोदरपणात टीडीची इंजेक्शने घेतली असतील तर तिच्याकडून मिळालेली शिदोरी. आईने ती घेतलीच नसतील तर बाळ उघडे आहे. २०१५ साली भारतात माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात आटोक्यात आल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. ती मोठी गोष्ट आहे, पण ते लसीमुळे आणि स्वच्छ बाळंतपणामुळे झाले. जंतू जमिनीतून गेलेला नाही. म्हणून आमचे सांगणे एकच असते: कान टोचा, पण साडेतीन महिन्यांचे इंजेक्शन झाल्यावर. आजीबाई रागावतात, 'बाराव्याला टोचलं तर दुखत नाही' म्हणतात. दुखते. बाळ सांगू शकत नाही, एवढेच.

मोठ्या मुलांसाठीही हाच हिशेब. दीड ते दोन वर्षांचा आणि पाच-सहा वर्षांचा बूस्टर, दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचे टीडी झाले आहे का, ते आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या सिस्टरांना विचारावे, आणि मग सुई.

टोचायचे कुणी? 'सोनारानेच कान टोचावेत' ही म्हण आपण वेगळ्या अर्थाने वापरतो, पण तिच्या मुळाशी खरी गोष्ट आहे. सोनाराचा हात हलका, तार बारीक, भोक सरळ. अडचण त्याच्या कौशल्याची नाही, त्याच्या सुईची आहे. बाजारात बसलेला माणूस एकाच सुईने एकामागून एक मुलांचे कान टोचतो आणि मधे ती फडक्याला पुसतो. रक्तातून पसरणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी आणि सी, तसेच एचआयव्ही यांना एवढी वाट पुरते. प्रत्येक मुलासाठी नवी, पाकीटबंद सुई उघडली गेली का, हे आईने आपल्या डोळ्यांनी पाहावे. नसेल तर घरी परत यावे. पुढचा बाजार आठवड्याने येतोच. शहरातल्या दुकानांत पिस्तुलासारखे यंत्र वापरतात. पाळीपुरते ते चालवून घेतले जाते, पण ते पूर्ण निर्जंतुक करता येत नाही, आणि कानाच्या वरच्या भागासाठी तर ते मुळीच वापरू नये, कारण त्याचा धक्का आतली कूर्चा चिरडतो.

आता रोजची निगा. सकाळ-संध्याकाळ, दिवसातून दोन वेळा, त्याहून जास्त नाही.

आधी निगा करणाऱ्याने स्वतःचे हात साबणाने धुवावेत. हे वाक्य इतके जुने झाले आहे की कुणी ऐकत नाही. पण कानाला लागणारे बहुतेक जंतू याच हातांवरून येतात. मग एक लिटर पाणी चांगले उकळून झाकून गार करावे आणि त्यात चहाचा सपाट दीड चमचा साधे मीठ विरघळवावे. चव डोळ्यांतल्या पाण्याइतकी खारट असावी. जास्त मीठ म्हणजे जास्त औषध, असे नाही. खारट पाणी कोवळी कातडी जाळते. त्या पाण्यात स्वच्छ उकळलेले सुती फडके किंवा गॉज भिजवून कानाच्या पुढे आणि मागे दोन-चार मिनिटे धरावे. खपली मऊ होते आणि अलगद निघते. निघाली नाही तर नखाने काढू नये, संध्याकाळी निघेल. मग दुसऱ्या कोरड्या, स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावे. कापूस वापरू नये, त्याचे तंतू तारेत अडकतात. हे मिठाचे पाणी रोज ताजे करावे, कालचे ठेवू नये. औषधाच्या दुकानात सलाइनची छोटी बाटली मिळते, ती मिळाली तर उत्तमच. दवाखान्यातली जखम धुण्याची सलाइन आणि हे घरचे पाणी यांत मिठाचे प्रमाण जवळजवळ सारखेच असते.

झाले, एवढेच. डेटॉल नको, स्पिरिट नको, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. ही द्रव्ये जंतूंबरोबर नवी कातडीही मारतात, आणि ज्या बोगद्याची आपण वाट पाहतो आहोत तोच पुन्हा पुन्हा मोडतो. ट्यूबमधले मलम भोक बुजवते, आत हवा जात नाही, ओल साचते; डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तेही लावू नये. आणि तार फिरवू नये. रोज तार फिरवली नाही तर ती आत चिकटते, असे घरोघर सांगितले जाते, पूर्वी दवाखान्यांतही सांगत. पण वाळलेली खपली तारेसकट आत ओढली जाते आणि ओल्या कातडीला ओरखडते. तारेला हात न लावणे हेच मुलांना सर्वांत अवघड जाते आणि त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.

मग आजीच्या उपायांचे काय? मी त्यांना सरसकट नावे ठेवत नाही. कडुलिंबाची बारीक काडी घालायची, मग दोरा, मग हलकी तार, आणि पुष्कळ दिवसांनी दागिना, या क्रमामागे मोठे शहाणपण आहे. ताज्या भोकाला वजन देऊ नये, हे त्या बायकांना कुठल्याही पुस्तकाविना ठाऊक होते. फक्त काडी आणि दोरा बदलावा. लाकूड आणि सूत पाणी पितात, ओले राहतात, त्यांच्या कूस आत मोडतात. त्यांच्या जागी पहिल्यापासून हलकी, गुळगुळीत तार घातली की जुन्या रीतीतले चांगले तेवढे राहते. हळदीत जंतूंना रोखण्याचा गुण आहे हे खरे, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तिची पूड भोकात घट्ट बसून राहते. मोहाच्या बियांचे तेल किंवा खोबरेल लावले की त्यावर चुलीची राख आणि धूळ चिकटते. शेण आणि राख मात्र कुठल्याही परिस्थितीत नको. इथे मी आजीबाईंशी वाद घालते, आणि हात जोडूनही घालते, कारण धनुर्वाताचा रस्ता तोच आहे.

वसतिगृहातल्या मुलींच्या अडचणी थोड्या वेगळ्या. तेल लावून घट्ट वेण्या घालताना कंगवा बाळीत अडकतो, म्हणून कान भरेपर्यंत केस सैल मागे बांधावेत आणि तेल कानापासून दूर ठेवावे. उशीचा अभ्रा दर दोन-तीन दिवसांनी धुवावा. अभ्रा नसेल तर रोज स्वच्छ फडके पसरून निजावे. नदी-नाल्यात डुंबणे सहा आठवडे बंद. अंघोळीचे पाणी कानावरून गेले तर हरकत नाही, पण साचलेल्या पाण्यात कान बुडवू नये. आणि कानातले अदलाबदल करू नयेत. मैत्रिणीची रिंग रविवारच्या उपासनेपुरती घालून पाहण्याची हौस मला कळते, तरी भरत आलेल्या कानात दुसरीची रिंग म्हणजे दुसरीचे रक्त आणि जंतू. वॉर्डनबाईंनी हे एकदा सांगून थांबू नये, दर सोमवारी सांगावे.

नाक टोचताना एक जास्तीची काळजी. नाकपुडीच्या आत नेहमीच जंतूंची वस्ती असते. चमकीची मागची बाजू आत असल्याने ती दिसत नाही आणि मुले बोटाने चाचपत राहतात. सर्दी असताना नाक टोचू नये. लहान मुलीला सैल फिरकीची चमकी घालू नये, ती सुटून श्वासनलिकेत जाऊ शकते.

शहरातल्या आपल्या मंडळ्यांतली तरुण मुले हल्ली कानाच्या वरच्या भागात दोन-तीन भोके पाडून घेतात, म्हणून तेही सांगते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरच्या पातळ आवरणातून तिचे पोषण होते. तिथे पू झाला तर तो आवरणाला कूर्चेपासून उचलतो, खालची कूर्चा उपाशी मरते, आणि कान कायमचा चुरगळलेल्या पानासारखा होतो. पाळी पिकली तर एक-दोन दिवस मिठाच्या पाण्यावर वाट पाहता येते. वरचा भाग लाल, गरम आणि ठणकता झाला तर त्याच दिवशी डॉक्टर.

दवाखान्यात केव्हा आणावे, हे आईंना आम्ही असे सांगतो. दुखणे दिवसागणिक कमी न होता वाढू लागले. लाली भोकापुरती न राहता गालाकडे, मानेकडे सरकू लागली. घट्ट, हिरवा-पिवळा, वास येणारा पू आला. कानाखाली अवधाणाची गाठ आली. ताप आला. फिरकी सुजेत रुतून दिसेनाशी झाली. यातले एकही दिसले तर मुलाला घेऊन यावे, आणि येताना घरी तार उपटून काढू नये. तार काढली की भोकाची दोन्ही तोंडे मिटतात आणि पू आत कोंडून बेंड होते. काढायची की ठेवायची ते दवाखान्यात पाहून ठरवू. टोचल्यानंतरच्या तीन आठवड्यांत मुलाचा जबडा आवळला, तोंड उघडेना, तान्हे बाळ अंगावर पिईनासे झाले किंवा अंग ताठ करू लागले, तर ते कानाचे दुखणे समजू नये. मिळेल ते वाहन करावे, १०८ला फोन करावा आणि मोठे रुग्णालय गाठावे.

सिकलसेल असलेल्या मुलांचा वेगळा उल्लेख करायलाच हवा, कारण आपल्या भागात ती बऱ्याच घरांत आहेत. त्यांची प्लीहा नीट काम करत नाही, म्हणून साधा जंतुसंसर्ग त्यांच्या अंगात झपाट्याने पसरतो. त्यांचे कान टोचायचे असतील तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. टोचल्यावर ताप आला तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

काहींच्या कानावर जखम भरल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी टणक, चकचकीत गाठ येते आणि ती मूळ भोकाबाहेर वाढत जाते. तिला केलॉइड म्हणतात. हा कुणाचा शाप नाही आणि अस्वच्छतेचा दोषही नाही. कातडीचा तो स्वभाव असतो आणि अनेकदा घराण्यात चालतो. दोरा आवळून किंवा ब्लेडने कापून ती जात नाही, बहुधा आधीपेक्षा मोठी होऊन परत येते. त्वचेचे डॉक्टर गाठीत इंजेक्शने देऊन ती कमी करतात. आई, मावशी किंवा मोठी बहीण हिला अशी गाठ असेल तर धाकटीचे कान न टोचणेच बरे.

आता धातूबद्दल. इथे देणगीदार मंडळींशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. नाताळच्या भेटपेट्यांत दरवर्षी रंगीत डूल, रिंगा, चमचमती कानातली येतात. पाठवणाऱ्यांचे प्रेम त्यात दिसते आणि मुलींच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिला आहे. पण स्वस्त बनावटी दागिन्यांत बहुधा निकेल असते, आणि ताज्या जखमेत निकेल लागले की शरीर त्याला शत्रू म्हणून ओळखायला शिकते. एकदा ते शिकले की ही ॲलर्जी जन्मभर राहते. पुढे घड्याळाचा पट्टा, पँटचे बटण, मंगळसूत्रातला बनावटी मणी लागला तरी खाज आणि पुरळ उठते. युरोपात टोचलेल्या भोकात घालायच्या दागिन्यांतून किती निकेल बाहेर पडावे यावर कायद्याने मर्यादा आहे. आपल्या फुटपाथवरच्या पाकिटावर तसले काही लिहिलेले नसते. चांदीही पहिल्या दिवसांत नको. तिच्यात दुसरे धातू मिसळलेले असतात, ती काळवंडते आणि जखमेत डाग सोडते. भोंगऱ्यातली चांदी घ्यावी, जपून ठेवावी, आणि कान पुरता भरल्यावर घालावी. पहिली तार बावीस कॅरेट सोन्याची, अगदी गुंजभर वजनाची, किंवा टायटेनियमची असावी. गरीब घरेही जमेल तशी सोन्याची बारीक तार करतात ती उगाच नाही.

तेव्हा या वर्षीच्या पेटीत कानातली घालू नयेत, ही विनंती. त्या जागी अंघोळीच्या साबणाच्या वड्या, उशीचे सुती अभ्रे, निर्जंतुक गॉजची पाकिटे आणि सलाइनच्या छोट्या बाटल्या पाठवाव्यात. मुलींसाठी शोभेचे काही घालावेसे वाटले तर रिबिनी, केसांच्या पिना, काचेच्या मण्यांच्या माळा चालतील. त्यांना भोक लागत नाही. सुया मात्र पेटीतून पाठवू नयेत, त्या आम्ही दवाखान्याच्या खरेदीतूनच घेतो. ज्यांना सोन्याच्या तारेसाठी देणगी द्यायची इच्छा आहे त्यांनी पाकिटावर 'कान' एवढाच शब्द लिहावा, ती रक्कम आम्ही वेगळी ठेवू. पेट्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पोचल्या तर ऊसतोडीला न गेलेल्या पाड्यांवर नाताळआधी वाटता येतील. गेलेल्यांच्या पेट्या होळीपर्यंत राखून ठेवू.